शिकाऊ साहेबांचा शर्ट

मी आयुष्यात एकच शर्ट शिवला. तोही एकटीने नाही, बावीस जणींनी मिळून. आणि ज्या माणसाने तो घातला, तो माणूस तो शर्ट घालून खामगावच्या बाजारात भाजी घ्यायला गेला, कचोरी खायला गेला, आणि कोणी विचारलं की थांबून, सायकल स्टँडवर लावून, कोणी शिवला ते नावासकट सांगत सुटला. माझं नाव पहिलं. कारण कापड मी कापलं होतं.

हे साहेब आमच्या तेलाच्या कंपनीत ट्रेनिंग ऑफिसर होते. आम्ही त्यांना शिकाऊ साहेब म्हणायचो. तोंडावर नाही हो, तोंडावर नुसतं साहेब. हे नाव मी ठेवलेलं नाही असं मी तेव्हा शपथेवर सांगितलं होतं. ठेवलं मीच होतं.

आधी माझं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. शाळा सातवीपर्यंत. नंतरचं वाचणं मी किराण्याच्या पुड्यांवर शिकले. फुटाणे संपले की कागद वाचायचा, आणि गोष्ट अर्ध्यात फाटलेली असली की पुढचं मनाने लावायचं. लिहायला तर कोणी शिकवलंच नाही, त्यामुळे इथे चुका सापडल्या तर त्या माझ्या स्वतःच्या आहेत, कुठल्या मास्तरांना बोल लावू नका. कंपनीत मी बावीस वर्षं काढली. पॅकिंग हॉलमध्ये एक लांब पट्टा होता, त्याच्या तोंडाशी मी. तेलाने भरलेला पंधरा किलोचा पिपा आला की मी तो एकदा उचलायची आणि पट्ट्यावर ठेवायची. पिपा पाव किलोने कमी असला तरी मनगट सांगायचं. सुपरवायझरचा काटा बिघडला की तो ओरडायचा, “बाईले इचारा रे!” हे शब्द ऐकले की मी घरी जाऊन भाजीत मीठ दोनदा टाकायची, इतकी हवेत.

तर अशा हवेत असलेल्या बाईसमोर हे साहेब येऊन उभे राहिले.

ट्रेनिंग ऑफिसर म्हटल्यावर आम्ही टाय, पडद्यावरची चित्रं आणि मधल्या सुट्टीतली बिस्किटं अशी मनाची तयारी ठेवली होती. हा माणूस आला सायकलवर, डोक्याला ओला टॉवेल गुंडाळून, पायात चपला. मूळ नाशिककडचे. अंगाने असे किडकिडीत की बेबी म्हणाली, “बाप्पा, याले पंख्याखाली नका उभं करू.” बेबी म्हणजे पट्ट्यावर माझ्या शेजारची. तिची जीभ आणि माझी जीभ, दोघींत उन्नीस-बीस.

साहेब मला म्हणाले, “बाई, मला शिकवा.”

“काय शिकवू?”

“तुम्हाला जे येतं ते.”

मला वाटलं, हा मुंबईच्या लोकांनी पाठवलेला दिसतो, आपण किती वेळात काय करतो ते मोजायला. आमची कंपनी आधी इथल्याच शेठजींची होती, ती नुकतीच मुंबईच्या मोठ्या कंपनीने घेतली होती, त्यामुळे कोणाची नोकरी जाते याचीच चर्चा. म्हणून मी काय केलं, तर साहेबांना दोन दिवस मुद्दाम चुकीचं शिकवलं. पिपा कसा उचलू नये, ते सगळं शिकवलं. त्यांनी मनापासून तसंच केलं. दुसऱ्या दिवशी अर्धा पिपा तेल त्यांच्या चपलांत गेलं. ते वाकले, चपला काढल्या, पुसल्या आणि म्हणाले, “माझंच चुकलं, परत दाखवा.” त्या रात्री मला भाकर गोड लागली नाही. तिसऱ्या दिवशी मी नीट शिकवलं. आधीचं चुकीचं का शिकवलं, ते त्यांनी विचारलं नाही, आणि मी सांगायला काय वेडी आहे?

शनिवारी ते खिशातून डायरी काढायचे, लाल पेन माझ्या हातात द्यायचे आणि म्हणायचे, “परीक्षा घ्या.” मग पाच पिपे उचलून ठेवायचे आणि उभे राहायचे, शाळेतल्या पोरासारखे, हात मागे. मी पहिल्या शनिवारी शंभरापैकी अठ्ठावीस दिले.

“नापास,” ते म्हणाले. “पुढच्या शनिवारी परत बसतो.”

पाच शनिवार बसले. पाचव्या खेपेला बासष्ट होत होते, मी एक कापला. माणूस फुगू नये. असं त्यांनी बॉयलरवाल्याकडे केलं, गेटवरच्या वॉचमनकडे केलं, कँटीनमध्ये चहा करणाऱ्याकडेही केलं. तिथे म्हणे बारा मार्क मिळाले. वर्षभर कंपनीत कोणाला काही शिकवलं असेल तर शपथ. वर्ग भरला की कामगारालाच पुढे उभं करायचे आणि स्वतः मागच्या बाकावर वही उघडून बसायचे.

त्यांचं एक पालुपद होतं: “येतं का, की माहीत आहे?” मी त्यांना एकदा ठेचा-भाकर दिली. खाऊन झाल्यावर कृती विचारली. मी सांगितली, त्यांनी लिहून घेतली. वर मी म्हटलं, “आता आला ना तुमाले ठेचा?” तर म्हणे, “नाही बाई. आता माहीत झाला.” दुसऱ्या दिवशी डब्यातून काळा गोळा घेऊन आले आणि तो माझ्यासमोर शेवटच्या घासापर्यंत खाल्ला. मॅनेजर साहेबांनी मीटिंगमध्ये सांगितलं की नव्या यंत्रांची त्यांना स्वतःला संपूर्ण माहिती आहे, तेव्हाही यांनी मागच्या बाकावरून हेच विचारलं. मॅनेजर साहेब पुढे दोन महिने यांच्याशी कागदावर बोलले.

नव्या यंत्रांचा विषय निघालाच. एका सकाळी साहेब हॉलमध्ये आले आणि स्वतःच्या हाताने पट्टा बंद केला. असं ते कधी करत नसत. म्हणाले, “चार महिन्यांनी यंत्र येणार आहे. ते भरणार, वजन करणार, बंद करणार. हा पट्टा राहणार नाही. बावीस जणी कमी होणार. हे मला पक्कं माहीत आहे. जाणाऱ्यांना कंपनी काहीतरी नवं शिकवणार, पुढची सोय लावून देणार असं ठरलं आहे. किती आणि कसं, ते मला माहीत नाही. कळलं की सांगेन. आणि यादीत तेविसावं नाव माझं आहे.”

शेवटच्या वाक्याला आम्ही हसलो. बेबी म्हणाली, “तुमाले कोन काढते साहेब? तुमी त साहेब हा!”

ते हसले नाहीत. पट्टा सुरू केला आणि गेले. दुपारी कळलं की ही बातमी महिनाभर दाबून ठेवायची, असं वर ठरलं होतं. साहेबांना त्याबद्दल ताकिदीची चिठ्ठी मिळाली. ती त्यांनी नोटीसबोर्डावर लावली.

कायद्याने जे द्यायचं ते कंपनीने दिलं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण बावीस वर्षं उठून एका जागी जायचं आणि मग एक दिवस जायचं नाही, हे जे आहे, त्याचा चेक निघत नाही. आमच्यातल्या नऊ-दहा जणींच्या घरी तर तीच एक कमाई होती.

मग फॉर्म आले. वर लिहिलेलं, काय शिकायचं त्यापुढे खूण करा: शिवणकाम, संगणक, रुग्णसेवा, बेकरी, आणि शेवटी ‘इतर’ म्हणून एक रिकामी ओळ. साहेब म्हणाले, “घरी न्या. चार दिवस विचार करा. एकमेकींना दाखवू नका.”

आता आमची गंमत ऐका. आमची वीस-बावीस वर्षांची सवय काय? पहिल्या बाईने ठेवायचं, दुसरीने पुढे सरकवायचं, पट्ट्याच्या शेवटी माल तयार. मी तिथेच पट्ट्याशी बसून फॉर्मवर शिवणकामापुढे खूण केली आणि कागद बेबीकडे सरकवला. बेबीने पाहिलं, तशीच खूण केली, पुढे सरकवला. पाच मिनिटांत बावीस फॉर्म पट्ट्याच्या शेवटी, सगळ्यांवर एकाच जागी खूण, कोपऱ्याला कोपरा लावून गठ्ठा. कंपनीत इतकं चोख पॅकिंग आम्ही आधी कधी केलं नव्हतं.

मी शिवणकाम का निवडलं? शिवणकाम घेणारीला कंपनी मशीन देणार होती, त्याचा मोह नव्हता असं लिहिलं तर खोटं होईल. पण खरं कारण दुसरंच. शिवणकाम घरात बसून होतं. नाही जमलं तरी कोणाला दिसत नाही.

साहेबांनी गठ्ठा चाळला. “बाई, हे काय?”

“फॉर्म हाय साहेब.”

“बावीस जणींना शिवणंच आवडतं?”

“हाव.”

“कमलबाईंना एका डोळ्याने दिसत नाही.”

कमलच बोलली, “दुसऱ्या डोयानं दिसते ना साहेब. सुईले काय दोन डोये लागतात?”

संध्याकाळी ते सायकलवर फिरून गावातले सगळे टेलर मोजून आले. आकडा सांगितला नाही, नुसती मान हलवली. पण फॉर्मवर बायांची सही होती, वर घाई होती. यंत्र आलं, पट्टा थांबला, आणि एका मंगल कार्यालयात आठ दिवसांचा शिवणवर्ग भरला. आठ दिवस! काय मजा केली आम्ही. सकाळी पोहे, दुपारी जेवण, शिकवणाऱ्या मॅडम गोड स्वभावाच्या, त्यांच्या नणदेचं काहीतरी प्रकरण चालू होतं, ते आम्ही रोज थोडं थोडं ऐकलं. साहेबही एका मशीनवर बसायचे. आमच्यात काज-बटण नीट कोणाला आलं असेल तर एकट्या त्यांना.

नवव्या दिवसासाठी कार्यक्रम ठरला होता. बॅनर छापला, मुंबईहून मोठ्या मॅडम येणार, प्रमाणपत्रं वाटायची, मशीनी द्यायच्या, फोटो काढायचा, फाइल बंद. प्रमाणपत्रावर सही करायची साहेबांनी. आणि साहेब अडून बसले. “यात लिहिलंय की ह्यांना शिवणकाम येतं. येतं का?” आठव्या दिवशी निळं कापड घेऊन आले आणि टेबलावर ठेवलं. “मला एक शर्ट शिवून द्या. सगळ्यांनी मिळून एक.”

आम्ही शिवला. कसा? पट्ट्यावर जसं काम करायचो तसा. मी कापलं, बेबीने एक बाही जोडली, तिसरीने दुसरी, कोणी कॉलर, कोणी खिसा, प्रत्येकीने आपलं काम करून पुढे सरकवलं. पूर्ण शर्ट कसा दिसतो हे बघायचं काम कोणाकडेच नव्हतं. डावी बाही कोपराच्या वर, उजवी पंज्याच्या खाली. कॉलरचं एक टोक आकाशात. बटणं बायकांच्या बाजूला. आणि खिसा कमलने इतका जीव लावून शिवला होता की चारही बाजूंनी बंद.

साहेबांनी तो अंगात घातला, आरशात पाहिलं, आभार मानले. मुंबईच्या मॅडमचं येणं नेमकं चार दिवस पुढे गेलं, आणि ते चार दिवस साहेबांच्या अंगावर तोच शर्ट.

माझे मालक मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, हमालांच्या हजेरीचं काम करायचे. ते घरी आले तेच हसत. “अवं, तुह्या नावाचा शर्ट मोंढ्यात फिरून राह्यला.”

“माह्या नावाचा काऊन? बावीस जनींनी शिवला तो!”

“साहेब त म्हने, कटिंग यांच्या मिसेसनं केली. पन्नास मानसांत हात करून दाखवला माह्याकडं. एक हात दाखवला, दुसरा बाहीतून निघालाच नाही.”

मी जेवले नाही. सकाळी बेबीला घेऊन साहेबांच्या खोलीवर गेले. ते ओट्यावर बसून वांगी चिरत होते, त्याच शर्टात.

“साहेब, काढा तो शर्ट,” मी म्हटलं.

“का? चांगला आहे. एका बाजूने हवा खेळती राहते.”

बेबी पुढे झाली. “साहेब, तुमी सई करा अन् मोकये व्हा. आमी शिवू, नाहीतर नाही शिवू. तुमाले काय करायचं?”

“बेबीताई, मशीन घेऊन काय कराल?”

“ठेवीन. वरून फुलाचा रुमाल टाकून ठेवीन. घरात मशीन असली त बाईची इज्जत असते.”

साहेबांनी चिरलेली वांगी पाण्यात टाकली. मग ते माझ्याकडे वळले. “बाई, तुम्ही मला अठ्ठावीस दिले होते. तेव्हा दया आली होती का?”

“थे वेगळं.”

“कसं?”

कसं ते मला सांगता येईना. सांगता येत नाही तेव्हा मी आवाज चढवते. म्हटलं, “शर्ट चांगलाच हाय, साहेब! मानसाच्या अंगातच खोट असली त शर्ट काय करन?”

बेबीनेसुद्धा माझ्याकडे पाहिलं. साहेबांनी मात्र आपल्या दोन्ही खांद्यांकडे नीट बघितलं आणि म्हणाले, “तेही असू शकतं.” आणि दुपारी खरोखर टेलरकडे जाऊन माप देऊन आले. संध्याकाळी आमच्या घरी चिठ्ठी आणून दिली. दोन्ही खांदे सारखे, दोन्ही हात सारखे, खाली टेलरची सही.

ती चिठ्ठी मी डब्याखाली दडवली. पण झोपताना मला तीच दिसे.

कार्यक्रमाच्या दिवशी मंडप, बॅनर, ओळीने बावीस मशीनी, त्यांच्यावर रिबिनी. प्रमाणपत्रं स्टेजवर, बिनसहीची. मॅनेजर साहेब म्हणाले होते, “मॅडमसमोर तर सही करतील ना, जातात कुठे!” बायांच्या वतीने बोलायला मला निवडलं होतं. भाषण ऑफिसातल्या क्लार्कने लिहून दिलेलं, मी पाठ केलेलं. ‘आज कंपनीने आम्हाला स्वतःच्या पायावर उभं केलं आहे.’ बावीस वर्षं आठ-आठ तास मी कोणाच्या पायावर उभी होते, हे त्या क्लार्कलाच माहीत.

मी माइकपुढे गेले. पहिलं वाक्य म्हटलं. तेवढ्यात स्टेजच्या टोकाला साहेबांनी नाकावरची माशी हाकलायला हात उचलला, आणि ती बाही पंज्यापुढे लोंबत माशीच्या मागे मागे गेली. कोणीतरी फिस्सकन हसलं. हसणाराला वाटलं तो साहेबांना हसतो आहे. मला माहीत होतं तो कोणाला हसतो आहे.

पुढचं पाठ केलेलं सगळं डोक्यातून गेलं. मी म्हटलं, “मॅडम, मले शिवता येत नाही. आमच्यातल्या कोनालेच येत नाही. थो शर्ट आमी शिवला.”

मागून बेबीचा आवाज, हळू पण स्वच्छ: “खाल्ली. माही मशीन खाल्ली हिनं.”

मॅडम पुढे वाकून म्हणाल्या, “मग तुम्हाला येतं काय?”

“वजन येते. हातानं.”

आता इथे मी थांबायला हवं होतं. पण मला कोणी “करून दाखवा” म्हटलं की झालं. फॅक्टरीतून नव्या यंत्राचा भरलेला पिपा आणला. मी पदर खोचला, उचलला, डोळे मिटले आणि सगळ्या मंडपाला ऐकू जाईल असं म्हटलं, “पाव किलो कमी हाय!” काट्यावर ठेवला. चोख निघाला. तोळ्याचाही फरक नाही. पंधरा दिवस हाताला पिपा लागलेला नव्हता, पण ते आता कोणाला सांगू? असं हसणं पिकलं की बॅनर हलला. सगळ्यांत मोठ्याने बेबी हसत होती, आणि तिचा तेवढा हक्क होता.

हसणं थांबल्यावर मॅडमनी साहेबांना विचारलं, “आणि तुमचं काय म्हणणं आहे?”

साहेब उठले. एकदा जागच्या जागी पूर्ण फिरले, पाठही दिसावी म्हणून. “आठ दिवसांचं शिकवणं असं दिसतं, मॅडम. बायांची चूक नाही. मी मागणी तीन महिन्यांची करायला हवी होती, मी आठ दिवसांवर गप्प बसलो. मला तीन महिने द्या. प्रत्येकीला वेगळं, तिच्या हाताचं. मग सही करतो.”

मॅडम हसल्या नाहीत. आत बंद खोलीत दोन तास बोलणी झाली, बाहेर आम्ही बॅनरखाली बसून पेढे खाल्ले. तीन महिने मिळाले. त्या तीन महिन्यांचा पगारही मिळाला. मशीनी मात्र टेम्पोत भरून परत गेल्या, रिबिनींसकट. बेबी टेम्पो वळेपर्यंत उभी होती.

या वेळी साहेब फॉर्म घेऊन घरोघर फिरले. एकेका घरी अर्धा अर्धा दिवस बसले, बाई काय करते ते बघत. माझ्या फॉर्मवर ‘इतर’पुढे त्यांनी लिहिलं: वजनकाटा.

मी म्हटलं, “कायले थट्टा करता साहेब? साऱ्या गावासमोर चुकलं माह्यं.”

“बावीस वर्षांत एकदा. आणि ते काट्याने दाखवलं. आता काट्याच्याच बाजूला बसा.”

गाड्या वजन करायचा जो मोठा धर्मकाटा असतो, जमिनीत बसवलेला, त्याचं सगळं आता कॉम्प्युटरवर चालतं. मी पन्नाशीला टेकलेली. क्लासमधली मॅडम माझ्या मुलीपेक्षा लहान. पहिल्या आठवड्यात मी एंटरचं बटण तोडलं. पंधरा किलोचे पिपे उचलायची सवय, बोटाला कोण सांगणार? दुसऱ्या आठवड्यात दुसरं तोडलं. तिसऱ्या महिन्यात मी पावती काढली, आणि परीक्षेला साहेब स्वतः आले. मार्क किती दिले ते सांगत नाही. पण सही केली.

सगळ्यांचंच गोड झालं असं समजू नका. चौघी खरंच शिवणकाम शिकल्या, शाळांचे गणवेश शिवतात. कमल दवाखान्याच्या स्वयंपाकघरात लागली. बेबी बेकरीत गेली, आणि तिची खारी आता मोंढ्यापर्यंत येते. पण माझ्याशी वर्षभर बोलली नाही, आणि आता बोलते ती सुद्धा “काय वं मशीनखाऊ” अशी सुरुवात करून. तिघींचं काहीच जमलं नाही. त्या घरी बसल्या. साहेब त्यांच्याकडे जात राहिले, आणि त्या तिघींची नावं घेताना त्यांचा आवाज बारीक व्हायचा.

मला मोंढ्याजवळच्या धर्मकाट्यावर काम मिळालं. कापसाच्या गाड्या, सोयाबीनच्या गाड्या. वर्षभराने कळलं की कंपनीने साहेबांची जागाच बंद केली. त्यांनी सांगितलं होतं तसंच. आम्ही हसलो होतो.

जायच्या दिवशी सकाळीच त्यांचा टेम्पोवाला आमच्या काट्यावर आला. भाडं वजनावर ठरलेलं, म्हणून रिकाम्या गाडीचं वजन करून घेतलं. अकराच्या सुमारास भरलेली गाडी घेऊन परत आला. मी खिडकीतून बघितलं: एक खाट, सायकल, वह्यांची खोकी, गुंडाळलेली गादी. ड्रायव्हर उतरून सावलीत उभा. साहेब कुठेच दिसेनात. मी स्क्रीनवर आकडा पाहिला आणि बाहेर आले. गाडीभोवती एक फेरी मारली. मग कमरेवर हात ठेवून म्हटलं, “साहेब, उतरा खाली. सामानात मानूस धरत नाही इथं.”

गादीमागून ते निघाले, केसांना कापूस लागलेला. डोळे असे चमकत होते! “बाई! वजनावरून ओळखलंत?”

किती सोपं होतं नुसतं “हाव” म्हणणं. त्यांनी ते पुढच्या गावी जाऊन शंभर जणांना सांगितलं असतं. माझा हात, माझं मनगट. जिभेवर आलंच होतं.

“नाही साहेब,” मी म्हटलं. “गादीखालून पाय दिसला.”

ते असे हसले की खाटेचा दांडा धरावा लागला. मग हळूहळू उतरले, चपला शोधल्या, आणि काट्याबाहेर जाऊन उन्हात उभे राहिले, हात मागे बांधून. मी आत जाऊन परत आकडा घेतला. आमचा काटा दहा-दहा किलोंनी सरकतो. पन्नास किलो उतरलं होतं. मी पुसून परत घेतलं. पन्नासच.

मला वाटलं होतं, बरंच जास्त भरेल.